सप्तपदी आणि सातबारा

कायदेशीर विवाहाचा आजच्या काळात काही लाभ उरला आहे काय, हा प्रश्न आता केवळ पाश्चात्त्य देशांपुरता राहिलेला नाही. मुंबई-पुण्यात स्वतःच्या पगारावर जगणारी तरुण पिढी तो उघडपणे विचारू लागली आहे. दोन प्रौढ व्यक्तींनी एकत्र राहावयाचे ठरविले, तर मध्ये भटजी, काजी किंवा विवाह निबंधक हवा कशाला, असा तिचा युक्तिवाद असतो. या प्रश्नाला संस्कृतिरक्षणाच्या आवेशाने उत्तर देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु आवेशाने प्रश्न मिटत नाहीत. एखाद्या संस्थेपासून लाभ होतो की नाही एवढेच विचारून भागत नाही. तो कोणाला होतो, केव्हा होतो आणि कोणत्या मालमत्तेतून होतो, हेही विचारावे लागते. तसे विचारले म्हणजे एक विसंगती ध्यानात येते. विवाहाच्या कायद्याची गरज ज्यांना सर्वांत कमी, तेच त्याच्या निरुपयोगाविषयी सर्वाधिक बोलत असतात. आणि ज्यांना ती सर्वाधिक, त्यांच्या पदरात कायद्याने अद्याप अर्धेच माप टाकले आहे.

खाडीकाठचा हिशेब

रत्नागिरी तालुक्यातील पूर्णगड हे मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेले गाव. वर टेकडीवर छोटेखानी किल्ला, खाली खाडी आणि समोर अथांग दर्या. कोकण किनाऱ्यावरील अशा गावांतील कुटुंबांचे अर्थकारण शहरी कुटुंबाहून निराळे असते. कर्ता पुरुष वर्षातील बराच काळ घराबाहेर असतो. कोणी मासेमारीसाठी समुद्रावर, कोणी जहाजावर खलाशी म्हणून, तर कोणी मुंबईत नोकरीसाठी. एकेकाळी गिरणगावातून येणाऱ्या मनिऑर्डरीवर ही घरे चालत. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो आधार खचला, पण स्थलांतर थांबले नाही. मनिऑर्डरीच्या जागी बँकेचे खाते आले, एवढेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात हेच प्रमाण ११२२ होते. त्यापूर्वी २००१ मध्ये तर ते ११३६ होते. हा काही निसर्गाचा चमत्कार नव्हे. गावात राहिलेल्या स्त्रियांची आणि गाव सोडून गेलेल्या पुरुषांची ही बेरीज-वजाबाकी आहे.

शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुटुंबविषयक ग्रंथात विवाहाची मीमांसा श्रमविभागणीच्या आधारे केली आहे. एकाने बाजारात श्रम विकावे, दुसऱ्याने घर सांभाळावे, यात दोघांचाही एकत्रित लाभ वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन. स्त्रिया मिळवू लागल्या की हा लाभ घटतो आणि विवाहाची ओढही कमी होते, हे त्याचेच उपप्रमेय. शहरातील तरुणांच्या युक्तिवादाचा आर्थिक पाया हाच आहे आणि त्यांच्यापुरता तो खोटा नाही. मात्र या श्रमविभागणीची दुसरी बाजू अशी, की मिळविणाऱ्याचे कौशल्य त्याच्याबरोबर कोठेही जाऊ शकते. घर सांभाळणारीचे श्रम त्या घरातच जिरतात. भाताची लावणी, काजूची वेचणी, मासळीची विक्री, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि मुलांचे शिक्षण यांत खर्ची पडलेल्या वीस वर्षांची पगारचिठ्ठी निघत नाही, की त्यावर भविष्यनिर्वाह निधी जमत नाही. असे श्रम जी व्यक्ती गुंतविते, तिला त्या गुंतवणुकीची काही हमी हवी असते. कायदेशीर विवाह ही ती हमी आहे. भावनेचा ओलावा आटला, माणूस परागंदा झाला किंवा दर्याने त्याला परत दिले नाही, तरी टिकावा असा हा दस्तऐवज आहे.

मृत्यूनंतरचा हक्क

या हमीचे मोल मृत्यूनंतर सर्वांत स्पष्ट दिसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला मुले, मुली आणि सासू यांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातील वारस केले. मुस्लिम कायद्यात विधवेचा वाटा ठरलेलाच आहे. अपत्य असल्यास अष्टमांश, नसल्यास चतुर्थांश. विवाहाविना वीस वर्षे संसार केलेल्या स्त्रीला मात्र यांपैकी कोणत्याही कायद्याने वारसाहक्क मिळत नाही. दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून राहिलेल्या जोडप्याचा विवाह झाला असावा, असे न्यायालये गृहीत धरू शकतात हे खरे. परंतु दीर आणि पुतणे विरुद्ध बाजूला उभे असताना ते गृहीत टिकवून धरण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

यावर कोणी म्हणेल, की मग मृत्युपत्र करावे, नामनिर्देशन करावे. कारकून आणि शिक्षक वर्गाला नामनिर्देशनाचा अर्ज परिचयाचा असतो, पण त्याचा अर्थ पुष्कळदा परिचयाचा नसतो. नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हेच सांगितले होते. पुढे २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपल्या पॉलिसीसाठी आई-वडील, पती किंवा पत्नी अथवा मुले यांचे नामनिर्देशन केलेले असल्यास त्यांना त्या रकमेचे हक्कदार मानण्यात आले. म्हणजे त्याच अर्जावरील त्याच रकान्यात पत्नीचे नाव असेल तर रक्कम तिची होते, विवाहाविना जोडीदार असलेल्या स्त्रीचे असेल तर तिला ती वारसांना द्यावी लागू शकते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा नियम तर याहून कठोर आहे. तेथे कायदेशीर पत्नीखेरीज इतर स्त्रीचा दावा सहसा टिकत नाही.

राहता राहिले मृत्युपत्र. ते वकिलांच्या शहरात सुचते. होडी घेऊन पहाटे बाहेर पडणारा तिशीतील माणूस ते करून निघत नाही. विवाहाचा कायदा म्हणजे ज्यांनी मृत्युपत्र केले नाही, त्यांच्यासाठी समाजाने आधीच लिहून ठेवलेले मृत्युपत्र होय. समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसाचा देह सापडला नाही, तर सात वर्षे त्याची वार्ता नसल्याखेरीज कायदा त्याच्या मृत्यूचे अनुमान सहजी करीत नाही. त्या सात वर्षांत बँकेत, विमा कचेरीत आणि महसूल दप्तरात ‘तुम्ही त्यांच्या कोण?’ या प्रश्नाला स्त्रीकडे एकाक्षरी पुरावा असावा लागतो. तो पुरावा लग्नाच्या छायाचित्राने पुरा होत नाही.

टाकलेल्या स्त्रीची कैफियत

मृत्यूपेक्षाही परित्याग अधिक क्रूर, कारण त्यात शोक करण्याचीही सोय नसते. १९८० च्या दशकात संगमनेर येथून परित्यक्ता स्त्रियांची चळवळ उभी राहिली, तेव्हा या प्रश्नाची व्याप्ती महाराष्ट्राला प्रथमच जाणवली. फौजदारी प्रक्रिया संहितेतील पोटगीची तरतूद हा अशा स्त्रीचा शेवटचा आधार. केंद्रीय कायद्यात त्या पोटगीला १९५५ पासून दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती आणि ती २००१ पर्यंत हटली नाही. त्या ४६ वर्षांत रुपयाचे काय झाले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीची तरतूद तीतही कायम आहे.

परंतु पोटगी मागणारी स्त्री ‘पत्नी’ असावी लागते आणि घोडे पेंड खाते ते येथेच. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात १९८८ मध्ये असा निर्णय झाला, की पहिली पत्नी हयात असताना विधिपूर्वक लग्न केलेल्या दुसऱ्या स्त्रीला पोटगीचा हक्क नाही, कारण तिचे लग्न मुळातच शून्य. पहिले लग्न लपवून जी स्त्री फसविली गेली, तिला तरी पोटगी नाकारता येणार नाही, हे न्यायालयाने म्हणावयास २०१३ साल उजाडले. तेही महाराष्ट्रातीलच प्रकरण होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘विवाहसदृश’ संबंधातील स्त्रीलाही संरक्षण दिले. पण असे संबंध कशास म्हणावयाचे, याच्या कसोट्या २०१० मध्ये न्यायालयाने ठरविल्या, तेव्हा दोघेही विवाहास पात्र आणि अविवाहित असले पाहिजेत ही अट त्यांत आलीच. ज्या स्त्रिया विवाहित पुरुषाच्या आश्वासनावर विसंबल्या, त्या पुन्हा बाहेरच राहिल्या.

विधी आणि नोंद यांच्या बाबतीतही असाच धडा मिळतो. १९६५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका द्विभार्या प्रकरणात हार घातले गेले, कपाळाला कपाळ लावले गेले. पण आवश्यक विधी झाले नाहीत, म्हणून दुसरे लग्न लग्नच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. पुरुष द्विभार्येच्या गुन्ह्यातून सुटला. उलट २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की विधी न होता केवळ प्रमाणपत्र मिळविल्याने हिंदू विवाह कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही. विधी टाळावयाचे असतील त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. इतरांनी विधी आणि नोंद या दोहोंचीही काळजी घ्यावी, हा या दोन निकालांचा व्यावहारिक अर्थ.

रत्नागिरीचा वारसा

विवाहाच्या कायद्याचा हा झगडा रत्नागिरी जिल्ह्याला नवा नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. समाज रुसला, परंतु १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा त्यांच्या बाजूला होता. तो विवाह आणि त्याची संतती वैध होती. बहिष्काराला ती वैधता काढून घेता आली नाही. अर्थात त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता, हेही विसरता कामा नये. एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने घेणे ही विवाहविषयक कायद्याची जुनी खोड आहे. पुढे कर्व्यांचेच पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारले. आज जे प्रश्न नवे वाटतात, ते मराठीत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले आहेत.

ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एकपत्नीत्व, घटस्फोट आणि स्त्रीचा संपत्तीतील वाटा यांसाठी हिंदू संहिता विधेयक मांडले. ते रखडल्याचे शल्य त्यांच्या सप्टेंबर १९५१ मधील राजीनाम्यामागील कारणांपैकी एक होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला तो तोंडी तलाकाविरुद्ध. एका दमात दिलेला असा तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला तो २०१७ मध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी. या तिघांनी आपली शक्ती लग्नाच्या थाटामाटावर नव्हे, तर लग्नाच्या कायदेशीर परिणामांवर खर्च केली. विवाहाचा कायदा निरुपयोगी असता, तर त्यासाठी बहिष्कार, राजीनामा आणि मोर्चा यांची किंमत कोणी मोजली नसती.

आजही त्याचे मोल दाराबाहेर उभे असलेल्यांना अधिक कळते. समलिंगी जोडप्यांनी विवाहाच्या हक्कासाठी केलेल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नामंजूर केल्या. त्या सुनावणीत चर्चा झाली ती निवृत्तिवेतन, उपदान, वारसा, दत्तक आणि बँकेतील खाते यांची. विवाहाविना सहजीवन रूढ झालेल्या देशांचा अनुभवही निराळा नाही. स्वीडनला १९८७ मध्ये अशा जोडप्यांच्या राहत्या घराच्या वाटणीसाठी कायदा करावा लागला. फ्रान्सने १९९९ मध्ये नागरी सहजीवन कराराची नोंदणी सुरू केली. विवाहाच्या दारातून बाहेर पडलेली माणसे अखेर नोंदणीच्या दुसऱ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. कारण एकत्र राहणाऱ्यांचे घर, देणे आणि मुले ही कोणत्याही व्यवस्थेत एकत्रच असतात.

अर्धे माप

येथवर विवाहाच्या बाजूने बोलल्यावर त्याच्या उणिवांकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. घटस्फोटाचे दावे वर्षानुवर्षे चालतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील एका तरतुदीनुसार पती व अपत्य नसलेली स्त्री मृत्युपत्र न करता निवर्तली, तर तिच्या स्वकष्टार्जित संपत्तीवर आई-वडिलांच्या आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो. परंतु सर्वांत मोठी उणीव याहून साधी आहे. आपल्याकडील विवाहाचा कायदा पत्नीला पती मेल्यावर वारसा देतो, पतीने टाकल्यावर पोटगी देतो. पण संसार सुखाने चालू असताना त्या संसारात निर्माण झालेल्या मालमत्तेत तिला मालकीचा कणभरही वाटा आपोआप देत नाही. राबण्यात ती भागीदार, मालकीत आश्रित.

कोकणातील सातबारा हे याचे जिवंत उदाहरण. चुलते, पुतणे, परगावी गेलेले, केव्हाच निवर्तलेले अशा नावांची त्यावर जत्रा भरलेली असते. त्या जत्रेत सुनेचे नाव शोधावे, तर ते बहुधा तिच्या वैधव्यानंतरच चढते. ज्या जमिनीत तिने तीस पावसाळे भात लावले, त्या जमिनीच्या कागदावर नाव येण्यासाठी तिला कुंकू पुसले जाण्याची वाट पाहावी लागते.

दुसरी रीत शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याची हद्द गोव्याला भिडलेली होती. त्या हद्दीपलीकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आजही चालू आहे. तेथे विवाहाची नागरी नोंदणी अनिवार्य आहे आणि विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होऊन प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा राहतो. स्थावर विकावयाची तर दोघांची संमती लागते. आयकर कायद्यानेसुद्धा ही व्यवस्था मान्य करून, पगार वगळता, अशा दांपत्याचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरले आहे. त्या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. मालमत्तेचा कारभार व्यवहारात पुरुषाच्याच हाती राहतो, ही तक्रार तेथेही आहे. तरी गृहिणीला भागीदार मानले म्हणजे संसार मोडतो, या भीतीला गोव्यातील दीडशे वर्षांचा अनुभव हे पुरेसे उत्तर आहे.

उर्वरित देशात हा विचार दारापर्यंत येऊन परत गेला. विवाह पुरता मोडल्यावर घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देणारे विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. लोकसभेत ते मंजूर होण्यापूर्वीच सभागृहाची मुदत संपली आणि ते बारगळले. महाराष्ट्रात चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला आणि शेतकऱ्यांनी आपखुशीने पत्नीच्या नावे जमीन करून दिली. त्या चळवळीने एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली. पत्नीच्या नावावर जमीन चढली म्हणून कोणाचे घर बुडाले नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट कोणालाही आज करता येण्यासारखी आहे. १९९८ च्या राज्य कायद्यानुसार विवाहाची नोंद ग्रामपंचायतीतच करता येते. मांडव, वाजंत्री आणि जेवणावळी यांवर लक्षावधी रुपये खर्च करणाऱ्या समाजाने या एका नोंदीबाबत आळस करावा, हे समजण्यापलीकडचे आहे. दुसरी गोष्ट नोकरदारांची. लग्नापूर्वी भरलेले नामनिर्देशनाचे अर्ज लग्नानंतर बदलावयाचे राहून जातात. ते काढून पाहावेत. तिसरी, घरपट्टीच्या उताऱ्यावर, सातबाऱ्यावर आणि होडीच्या नोंदणीत पतीबरोबर पत्नीचे नाव घालावे. राहते घर किंवा शेतजमीन पत्नीला बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. हासुद्धा कायदेशीर विवाहाचाच एक लाभ आणि तो जिवंतपणी घेण्यासारखा. चौथी गोष्ट विधिमंडळाची आणि संसदेची. विवाहानंतर दोघांच्या श्रमांतून उभ्या राहिलेल्या मालमत्तेवर दोघांची समान मालकी, हा नियम सर्व धर्मांच्या विवाहांना लागू करणारा कायदा व्हावयास हवा.

तोपर्यंत कायदेशीर विवाहाचा लाभ आहे काय, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एवढेच, की आहे. परंतु तो बहुधा दुर्दैव ओढवल्यावरच हाती लागतो. खाडीच्या तोंडाशी होडीची वाट पाहत उभी असलेली स्त्री त्या घराची, त्या जमिनीची आणि त्या होडीचीही मालकीण असली पाहिजे. होडी सुखरूप परत आली, तरीसुद्धा.